ग्रॅहम हॅटफुल यांची फेज-शिकार: संशोधन आणि शिकवणं एकत्र कसं बसलं, आणि बी.एस्सी.च्या प्रयोगशाळेत त्यातलं किती जमेल?

प्रश्न: सूक्ष्मजीव_शिक्षिका

नमस्कार मंडळी. पदवी महाविद्यालयात मायक्रोबायॉलॉजी शिकवते. पुढच्या सत्रापासून मुलांना संशोधन प्रकल्प द्यायचा आहे आणि पिट्सबर्ग विद्यापीठातल्या ग्रॅहम हॅटफुल यांचं फेजवरचं (म्हणजे जिवाणूंना लागण करणाऱ्या विषाणूंवरचं) काम डोळ्यासमोर ठेवून काही उभं करावं असं मनात आहे. त्यांच्याबद्दल वाचताना मात्र दोन वेगळ्या माणसांबद्दल वाचतोय असं वाटतं. एक क्षयाच्या जिवाणूसाठी जनुकीय हत्यारं घडवणारा, दुसरा फेज शोधण्यासाठी पहिल्या वर्षाच्या मुलांना माती उकरायला लावणारा. आधी रेण्वीय जनुकशास्त्र आणि नाव झाल्यावर विज्ञानशिक्षण, असा हा प्रवास आहे का? की दोन्हींचा एकमेकांशी खरंच काही संबंध आहे?

व्यावहारिक बाजू अशी: ऑटोक्लेव्ह, दोन इन्क्युबेटर, एक शेकर, लॅमिनार, साधं सेंट्रिफ्यूज आणि जेलचा संच आहे. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप आणि सिक्वेन्सर नाही. २४ मुलांची बॅच, आठवड्यात दोन प्रॅक्टिकल. सांडपाण्यातून कोलिफेज (ई. कोलाय जिवाणूचे फेज) काढायचं प्रॅक्टिकल आम्ही दरवर्षी करतोच, मग यात नवीन काय, असं विभागात विचारलं जातंय. आणि मुलं यातून काही शिकली हे मोजायचं कसं?

उत्तर: रिकॉम्बिनेज

मॅडम, माणूस एकच आणि धागाही एकच आहे, फक्त तो १९८० च्या दशकापासून पकडावा लागतो.

एडिनबराहून पीएच.डी. झाल्यावर हॅटफुल येलमध्ये नायजेल ग्रिंडली यांच्याकडे गॅमा-डेल्टा ट्रान्सपोझॉनच्या (जागा बदलणाऱ्या डीएनएच्या) रिझॉल्व्हेजवर काम करत होते. डीएनए ठरावीक जागी कापून नव्याने जोडणारं हे एन्झाइम, सेरीन रिकॉम्बिनेज कुळातलं. मग केंब्रिजला सँगर आणि बॅरल यांच्याकडे, म्हणजे सिक्वेन्सिंगच्या माहेरघरी, आणि १९८८ पासून पिट्सबर्ग. तेव्हा क्षयाच्या जिवाणूचं जनुकशास्त्र जवळजवळ ठप्प होतं. एका विभाजनाला साधारण २० ते २४ तास लागणारा जिवाणू, त्यात बाहेरचा डीएनए घुसवायची धड सोय नाही. बिल जेकब्स यांनी १९८७ मध्ये टीएम४ या फेजपासून फॅस्मिड, म्हणजे फेज आणि प्लाझ्मिड (जिवाणूतला छोटा गोल डीएनए) यांचे संकर, बनवले आणि फेजच्या वाटेने आत शिरता येतं हे दाखवलं. हॅटफुल आणि जेकब्स यांची जोडी तिथून जमली. १९९१ मध्ये एल५ फेजचा इंटिग्रेज (फेजचा डीएनए गुणसूत्रात जोडणारं एन्झाइम) आणि त्याची जोडजागा प्लाझ्मिडवर बसवून त्यांनी असे व्हेक्टर (जनुक वाहून नेणारे डीएनए) तयार केले की ते स्मेगमॅटिस (क्षयाच्या जिवाणूचा निरुपद्रवी भाऊबंद), क्षयाचा जिवाणू आणि बीसीजी लसीचा जिवाणू, तिन्हींच्या गुणसूत्रात एकाच जागी, एकाच प्रतीत बसतात. १९९३ मध्ये एल५ चा पूर्ण जीनोम आला, ५२,२९७ बेस जोड्यांचा.

पुढे बीएक्सबी१ नावाच्या फेजचा इंटिग्रेज त्यांच्या प्रयोगशाळेत तपासला गेला. हाही सेरीन कुळातलाच, म्हणजे येलच्या रिझॉल्व्हेजचा चुलतभाऊ. जोडजागा ५० बेस जोड्यांच्या आत, आणि यजमानाच्या कुठल्याही प्रथिनाची गरज नाही. म्हणून तो मानवी पेशींतही चालतो आणि आज जीन-अभियांत्रिकीत सर्रास वापरला जातो. फेज ब्राँक्समधला, नावातला ‘बीएक्सबी’ म्हणजे ब्राँक्स बॉम्बर.

आता शिक्षण कुठून आलं ते पाहा. २००३ मध्ये त्यांनी आणि रॉजर हेंड्रिक्स वगैरे सहकाऱ्यांनी दहा नवे मायकोबॅक्टेरिओफेज (क्षयाच्या जिवाणूच्या कुळातल्या जिवाणूंचे फेज, थोडक्यात मायकोफेज) सिक्वेन्स करून एकूण १४ जीनोमची तुलना छापली. त्या दहांत सीएचई८, सीएचई९सी आणि सीएचई९डी हे तीन चेन्नईचे. निष्कर्ष असा की हे जीनोम गोधडीसारखे आहेत, प्रत्येक तुकडा वेगळ्या घरचा, आणि जनुकांचा मोठा हिस्सा कुठल्याच डेटाबेसमध्ये न सापडणारा. म्हणजे प्रश्न पुढे न्यायचा तर आणखी फेज हवेत, शेकड्यांनी. त्यासाठी महागडी यंत्रं कमी लागतात, हात जास्त लागतात. आणि वैविध्य इतकं अफाट की नवख्या मुलानं गोळा केलेल्या मातीतही नवा फेज निघण्याची शक्यता दांडगी. शाळकरी मुलं या कामात आली ती या हिशेबामुळे.

२००२ मध्ये अमेरिकेतल्या हॉवर्ड ह्यूज वैद्यकीय संस्थेनं २० संशोधकांना अध्यापनासाठी प्रत्येकी १० लाख डॉलर दिले, त्यांत हॅटफुल होते. २००६ मध्ये ३० जीनोमची तुलना करणारा शोधनिबंध आला, त्याच्या शीर्षकातच फेज जीनोमिक्सला शिक्षणाचं व्यासपीठ म्हटलं आहे. २००८ मध्ये सी-फेजेस हा फेज शोधून त्यांचे जीनोम वाचण्याचा अभ्यासक्रम १२ संस्थांत सुरू झाला, आता शंभरावर संस्थांत चालतो. २०१५ मध्ये ६२७ जीनोमची तुलना छापली गेली, लेखक म्हणून हजारो विद्यार्थी. त्यातून दिसलं की फेजचे गट काटेकोर वेगळे नाहीत, एकातून दुसऱ्यात सरकत जाणारी सलग पट्टी आहे. हे १४ जीनोम पाहून कुणालाही कळलं नसतं.

आणि हा संग्रह उलटा प्रयोगशाळेच्या कामी आला. चेन्नईच्या सीएचई९सी मधली पुनर्संयोजनाची दोन प्रथिनं वापरून २००७ मध्ये मायकोबॅक्टेरियात रिकॉम्बिनिअरिंग, म्हणजे जीनोममध्ये हवा तो बदल करणं, जमलं. पुढच्या वर्षी त्याच युक्तीनं फेजचाच जीनोम बदलायची पद्धत आली, तिला ब्रेड म्हणतात. २०१९ मध्ये लंडनच्या १५ वर्षांच्या रुग्णाचा अहवाल प्रसिद्ध झाला. सिस्टिक फायब्रोसिस, दोन्ही फुप्फुसांचं प्रत्यारोपण, त्यावर मायकोबॅक्टेरियम अ‍ॅबसेससचा पसरलेला संसर्ग. तिला तीन फेज दिले: मडी, झोईजे आणि बीपीएस. शेवटच्या दोघांतून रिप्रेसर (फेजला पेशीत सुप्त ठेवणारं) जनुक काढून त्यांना पेशी फोडायला भाग पाडलं होतं. मडी मुळात डर्बनमध्ये सडक्या वांग्याच्या बुडाखालून एका विद्यार्थिनीला मिळालेला. प्रकृती स्पष्ट सुधारली, पण यावरून रामबाण उपाय सापडला असं वर्गात सांगू नका. पुढच्या २० रुग्णांच्या मालिकेत ११ जणांत अनुकूल परिणाम दिसला. फेज स्ट्रेनगणिक बदलावा लागतो आणि अ‍ॅबसेससच्या गुळगुळीत वसाहतींच्या स्ट्रेनवर फेज जवळपास चालतच नाहीत.

विभागाच्या आक्षेपाबद्दल: कोलिफेजच्या प्रॅक्टिकलमध्ये प्लाक (फेजनं जिवाणू मारल्यावर दिसणारा साफ ठिपका) दिसला की वही सही होऊन मिटते. इथे प्लाक दिसल्यावर काम सुरू होतं.

उत्तर: काळी_माती

प्रयोगाचं मी सांगतो. यजमान म्हणून मायकोबॅक्टेरियम स्मेगमॅटिसचा एमसी-स्क्वेअर-१५५ हा स्ट्रेन घ्या. एरवी निरुपद्रवी, पण प्रतिकारशक्ती कमी असलेल्या मुलाला या बाकावर बसवू नका. वाढ संथ, एका विभाजनाला सुमारे तीन तास, म्हणून सोमवारी ओतलेल्या प्लेटा बुधवारी वाचायच्या असं वेळापत्रक बसवा. तुमची आठवड्याची दोन प्रॅक्टिकलं नेमकी या अंतरावर असतील तर निम्मी डोकेदुखी गेली.

मायकोबॅक्टेरियासाठीचं मिडलब्रुक ७एच९ हे माध्यम महाग पडतं. स्मेगमॅटिस साध्या एलबीवरही वाढतो, सरावाच्या फेऱ्या त्यावर काढा. मीडियात कॅल्शियम क्लोराइड १ मिलिमोलर हवंच, त्याशिवाय बरेच फेज पेशीला चिकटत नाहीत. ते ऑटोक्लेव्हच्या आधी घालू नका. ७एच९ मधल्या फॉस्फेटशी साका बनून खाली बसतं. वेगळं गाळलेलं द्रावण मीडिया थंड झाल्यावर घाला. दुसरी हमखास फसगत ट्वीन-८० हा डिटर्जंट. स्मेगमॅटिसच्या गुठळ्या होतात म्हणून तो घालतात, पण त्यानं फेज चिकटायला अडथळा येतो. पहिली वाढ ट्वीनमध्ये करा, मग १ः१००० प्रमाणात बिनट्वीनच्या, कॅल्शियमवाल्या मीडियात घेऊन २४ तास हलवा, आणि फेजसाठी हीच दुसरी वाढ वापरा. माती हाताळताना दूषितीकरण होतंच, त्यासाठी मिलिलिटरला ५० मायक्रोग्रॅम कार्बेनिसिलिन आणि १० मायक्रोग्रॅम सायक्लोहेक्सिमाइड. स्मेगमॅटिस पहिल्याला मुळात दाद देत नाही, दुसरं बुरशीसाठी. सायक्लोहेक्सिमाइड विषारी आहे, वजन शिक्षकानंच करावं.

मातीचा नमुना ओलसर आणि सेंद्रिय भाग जास्त असलेला आणायला सांगा. गांडूळखत, शेणखताचा खड्डा, पालापाचोळ्याखालची माती. मे महिन्यातली भेगाळलेली काळी माती आणली तर दोन्हीकडून नुकसान: चिकणमातीचे कण फेजला धरून ठेवतात आणि ०.२२ मायक्रॉनचा फिल्टर दोन मिलिलिटरांत तुंबतो. ५० मिलिलिटरच्या नळीत १५ च्या खुणेपर्यंत माती, वर मीडिया, एक-दोन तास शेकरवर, मग सेंट्रिफ्यूज, आणि फिल्टर आधी ०.४५, नंतर ०.२२. सिरिंज दाबताना जोर लागायला लागला की थांबायचं. पडदा फाटला तर मातीतले जिवाणूच खाली उतरतात आणि पुढचं सगळं वाया.

सरळ प्लेटवर फेज मिळणं नशिबाचा भाग. समृद्धीकरणानं यश बरंच वाढतं: १० मिली गाळलेलं पाणी, ०.५ मिली यजमान, ३७ अंशांवर दोन ते पाच दिवस हलवायचं, पुन्हा गाळायचं. त्यातला १० मायक्रोलिटर थेंब यजमानाच्या थरावर ठेवून बघा. साफ किंवा धूसर डाग दिसला तरच दहापटीच्या पातळ मालिका ओता. ०.५ मिली यजमान आणि फेज दहा मिनिटं एकत्र ठेवून वर ४.५ मिली टॉप अगार, अगार ०.३५ ते ०.४ टक्के. तो ५० ते ५५ अंशांवर राखा. त्याहून गरम ओतला तर यजमान भाजतो, थंड झाला तर गाठी पडतात. हवेचे बुडबुडे मुलांना हटकून प्लाक वाटतात. फरक सोपा आहे: प्लाकची कड किंचित विस्कटलेली असते, बुडबुडा कंपासनं काढल्यासारखा गोल. नुसतं बफर आणि यजमान घातलेली प्लेट प्रत्येक टेबलावर हवी. तिच्यावर प्लाक उगवले तर बफरच दूषित आहे, त्या दिवशीचा एकही निकाल धरू नका.

एक प्लाक टिपनं टोचून १०० मायक्रोलिटर फेज बफरमध्ये, पुन्हा मालिका, पुन्हा प्लेट. किमान तीन फेऱ्या, आणि सगळे प्लाक एकसारखे दिसेपर्यंत. इथे मुलं कंटाळतात आणि दोन फेऱ्यांत उरकतात. मग सिक्वेन्समध्ये दोन फेजची खिचडी निघते. क्लोरोफॉर्मची कोलिफेजमधली सवय इथे मोडा, काही मायकोफेज त्यानं निकामी होतात. गाळणंच बरं.

टायटरचा (मिलिलिटरमागे फेज किती, याचा) हिशेब पाठ करून घ्या: १ः१०,००० पातळ केलेल्या नमुन्याचे १० मायक्रोलिटर ओतून ३६ प्लाक आले, तर मिलिलिटरला ३ कोटी ६० लाख. डीएनए काढायला मात्र मिलिलिटरला ५०० कोटींच्या वर हवेत. त्यासाठी प्लाक एकमेकांना टेकतील आणि मधे जिवाणूंची जाळी उरेल अशी मात्रा शोधायची, त्या प्लेटांवर प्रत्येकी ८ मिली बफर ओतून फ्रिजमध्ये रात्रभर ठेवायचं आणि गाळायचं. जाळीऐवजी पूर्ण साफ प्लेट घेतली तर टायटर घटतं, कारण यजमान लवकर संपतो आणि फेजना वाढायला पेशीच उरत नाहीत.

खर्चाचा अंदाज: २४ मुलं, प्रत्येकी सहा प्लेटा, प्लेटला २० मिली अगार, म्हणजे एका फेरीला जवळपास तीन लिटर. ऑटोक्लेव्हची क्षमता आधी तपासा. जोड्या केल्यात तर निम्मं.

सूक्ष्मजीव_शिक्षिका

दोघांचेही मनापासून आभार. ट्वीनचा मुद्दा आमच्या कुठल्याच मॅन्युअलमध्ये नाही. सिक्वेन्सिंग आणि मायक्रोस्कोपशिवाय डीएनएपर्यंत येऊन थांबलो तर हाती काय लागेल? आणि मूल्यमापनाचा प्रश्न अजून उरलाच आहे.

उत्तर: जीनोम_वाचक

जेलवर थांबलात तरी शिकवण्यासारखं भरपूर आहे. बॅमएचवन, क्लावन, इकोआरवन, हेथ्री आणि हिंडथ्री या पाच एन्झाइमांनी डीएनए कापा. मायकोफेजमध्ये जी-सी (जी आणि सी या बेसचं प्रमाण) साधारण ६० टक्क्यांच्या वर. त्यामुळे ए-टीनं भरलेल्या जागा शोधणारे इकोआरवन आणि हिंडथ्री मोजकेच किंवा शून्य काप देतात, आणि जीजीसीसी वाचणारा हेथ्री भुगा करतो. मुलं म्हणतात एन्झाइम खराब आहे. लॅम्डा या कोलिफेजच्या डीएनएवर तोच एन्झाइम चालवून दाखवा म्हणजे वाद मिटतो. बऱ्याच फेजची टोकं चिकट असतात, टोकाचे दोन तुकडे एकत्र येऊन एक भलताच पट्टा दिसतो. जेलवर चढवण्याआधी नमुना ६५ अंशांवर दहा मिनिटं ठेवून लगेच बर्फात घाला. डीएनएच्या आधी डीएनेज-आरनेजची पायरी गाळू नका, नाहीतर यजमानाच्या डीएनएचा धूसर पट्टा सगळं झाकून टाकतो. फेजचा डीएनए तेव्हा कवचात सुरक्षित असतो.

माझं मत मात्र असं की तुमच्यासारख्या महाविद्यालयानं उलटीकडून, ॲनोटेशनपासून (जीनोममध्ये जनुकं कुठे आहेत आणि काय करतात हे नोंदवण्यापासून) सुरुवात करावी. संगणक आणि इंटरनेट पुरतं. सी-फेजेसमध्येही काही संस्था फक्त हाच भाग करतात, दुसऱ्यांच्या फेजवर. पिट्सबर्गच्याच जेफ्री लॉरेन्स यांचं डीएनए मास्टर विंडोजवर फुकट चालतं, फेजेसडीबी हा फेजचा डेटाबेस खुला आहे, आणि जीनोम शेजारी ठेवून बघायला स्टीव्हन क्रेसॉन यांचं फॅमरेटर आहे. सरावाला आधीच ॲनोटेट झालेला जीनोम द्या, पण निकाल लपवून.

ग्लिमर आणि जीनमार्क हे प्रोग्राम जनुकांचा अंदाज देतात. मुलांचं काम तो अंदाज तपासण्याचं. दोघांचं एकमत झालं म्हणजे बरोबर, ही समजूत पहिल्याच तासाला काढा. जनुक कुठून सुरू होतं यावर दोघेही चुकतात. एटीजी, जीटीजी, टीटीजी तिन्ही सुरुवातीला चालतात. शेजारच्या जनुकावर ३० पेक्षा जास्त बेसचं आच्छादन संशयास्पद, पण चार बेसचं, एटीजीए असं, अगदी नेहमीचं: एकाचा शेवट आणि पुढच्याची सुरुवात एकमेकांत अडकलेली. १२० बेसपेक्षा छोटं जनुक सबळ पुराव्याशिवाय धरू नका. एका दिशेनं चाललेल्या लांब रांगेत मधेच एकच उलटं जनुक दिसलं तर आधी आपल्यावर शंका घ्या.

शेपटीच्या भागात एक गंमत आहे. टेप मेझर या शेपटीची लांबी ठरवणाऱ्या प्रथिनाच्या आधीच्या दोन जनुकांत रायबोसोम एक बेस मागे घसरतो आणि एकाच सुरुवातीपासून दोन लांबीची प्रथिनं तयार होतात. ग्लिमर, जीनमार्क हे आपोआप दाखवत नाहीत, घसरण्याची जागा हातानं शोधावी लागते. आणि टेप मेझर हे लांब शेपटीच्या फेजमध्ये बहुधा सर्वांत मोठं जनुक. एका अमिनो आम्लाला साधारण ०.१५ नॅनोमीटर शेपटी, म्हणजे १,००० अमिनो आम्लं असतील तर सुमारे १५० नॅनोमीटर. मायक्रोस्कोप नसताना शेपटी अशी मोजता येते, आणि पुढे कधी फोटो मिळाला तर पडताळा पाहता येतो.

कार्य लिहिताना हात आखडता घ्या. बहुतेक जनुकांपुढे ‘कार्य अज्ञात’ हेच प्रामाणिक उत्तर आहे. एचएचप्रेड या प्रथिनं जुळवणाऱ्या साधनानं ९५ टक्के शक्यता दाखवली, पण जुळणी प्रथिनाच्या वीस अमिनो आम्लांपुरती असेल, तर त्यावर नाव ठेवू नका. चुकीचं नाव डेटाबेसमध्ये गेलं की पुढच्या दहा जीनोममध्ये तेच उतरतं.

उत्तर: मानखुर्दकर

मूल्यमापनाबद्दल. हॅटफुल यांनी हे एकट्यानं केलं नाही आणि तुम्हीही करू नका. त्यांच्यासोबत डेव्हिड हनावर हे उपयोजित भाषाशास्त्रज्ञ आहेत. २००६ मध्ये ‘सायन्स’मधल्या लेखावर दोघांची नावं आहेत, आणि २०१७ मध्ये सी-फेजेसच्या मुलांची नेहमीच्या प्रयोगशाळेतल्या मुलांशी तुलना करणारा शोधनिबंधही त्यांचाच. रेण्वीय जीवशास्त्रज्ञ शिक्षणाचं मोजमाप स्वतःच्या अंदाजानं करतात तेव्हा बहुधा ‘मुलांना आवडलं’ एवढंच निघतं. हनावर यांनी प्रकल्पाबद्दलची आपलेपणाची भावना, स्वतःच्या क्षमतेवरचा विश्वास, स्वतःला वैज्ञानिक समजणं, वैज्ञानिक समुदायाची मूल्यं, अशा गोष्टी वेगवेगळ्या मोजल्या.

तुमच्यासाठी अट एकच: हुशार मुलं निवडून त्यांनाच फेज देऊ नका. मग फरक प्रकल्पानं पडला की निवडीनं, हे सांगता येणार नाही. पूर्ण बॅच घ्या, आणि समांतर बॅचला नेहमीचं प्रॅक्टिकल राहू द्या. प्रश्नावली दोघांना सुरुवातीला आणि शेवटी, मराठीत, आणि आधी पाच-सहा मुलांकडून वाचून घेऊन. ‘माझा प्रकल्प’ या शब्दांचा अर्थ मुलं जर्नलची वही असा घेतात. गुण या प्रश्नावलीवर देऊ नका, नाहीतर सगळे छान-छान लिहितील. निकाल छापायचे असतील तर महाविद्यालयाच्या नैतिकता समितीची परवानगी सुरुवातीलाच लागते, नंतर मिळत नाही. आराखडा तपासून घ्यायला मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आणि पुण्यात आयसरचं विज्ञान-गणित शिक्षण केंद्र आहे, दोन्हीकडे महाविद्यालयीन शिक्षकांसाठी कार्यशाळा होतात.

उत्तर: काळी_माती

एक राहिलं. पहिल्या बॅचपासूनच संग्रह ठेवा. ४ अंशांवर गाळलेला लायसेट (फुटलेल्या पेशींतून मिळालेलं फेजचं द्रावण) महिनोन्महिने टिकतो, पण टायटर हळूहळू उतरतं, म्हणून सहा महिन्यांनी मोजून नोंद करा. दुसरी प्रत ७ टक्के डीएमएसओ घालून उणे ८० वर, आणि शक्य असल्यास दुसऱ्या संस्थेच्या फ्रीजरमध्ये, कारण वीज एकाच ठिकाणची जाते. नळीवर फेजचं नाव, यजमान, टायटर आणि तारीख. अक्षांश-रेखांश आणि मातीचं वर्णन वहीत. मार्करची शाई ७० टक्के अल्कोहोलच्या एका पुसण्यानं जाते, तेव्हा लेबलवर पारदर्शक टेप लावायला मुलांना सांगून ठेवा.